सुटलेला योग पुन्हा धरताना

शाळेच्या मैदानावरचे सक्तीचे सूर्यनमस्कार, कॉलेजच्या सुट्टीत आईच्या आग्रहाखातर केलेलं एखादं शिबिर, लग्नाआधी वर्षभर नेमाने गाठलेला सकाळचा वर्ग. आणि मग काहीच नाही. नोकरी, मुलं, घराचे हप्ते, म्हाताऱ्या आईवडिलांची दुखणी. मराठी मध्यमवर्गाचं योगाशी असलेलं नातं असं तुटक असतं. योग कधीच न केलेली माणसं आपल्याकडे थोडी, करून सोडलेली घरोघर. चाळिशी-पन्नाशीत डॉक्टर साखरेचा रिपोर्ट पुढे सरकवतात किंवा सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरते, तेव्हा या मंडळींना माळ्यावरची चटई आठवते.

परतणाऱ्याची अडचण नवख्याहून निराळी. नवख्याला काहीच येत नसतं, म्हणून तो सांगितलं तेवढंच करतो. परतणाऱ्याला सगळं आठवत असतं. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना टेकायचं, सर्वांगासनात पाच मिनिटं कशी गेली ते कळायचं नाही, चक्रासन तर हसतखेळत व्हायचं. आठवण वीस वर्षांपूर्वीची आणि मांडीमागचे स्नायू आजचे. पहिल्याच आठवड्यात जुन्या मापाने शरीर ताणलं जातं, कुठेतरी लचक भरते आणि योग दुसऱ्यांदा सुटतो. या खेपेला मात्र ‘आता आपल्याला नाही जमायचं’ असा शिक्का मारून.

मधल्या काळात बाहेरचा बाजारही बदललेला असतो. पूर्वी गल्लीत एखादा वर्ग असायचा, देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, आणि त्याला ‘योगासनांचा वर्ग’ याहून वेगळं नाव नसायचं. आता पुण्या-मुंबईतच नव्हे, कोल्हापूर-नाशिकमध्येही फलकांवर अय्यंगार, अष्टांग विन्यास, हठ, पॉवर, हॉट, यिन अशी नावं दिसतात. विचारायला जावं तर प्रत्येक जण आपलाच योग मूळचा असं सांगतो.

नावांच्या या गर्दीत एक प्रश्न बराच उपयोगी पडतो. ही पद्धत घडत होती तेव्हा गुरूसमोर कोण उभं होतं? आसनांच्या आज चालणाऱ्या बहुतेक पद्धतींना जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत आणि प्रत्येकीवर तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांच्या शरीराचा ठसा आहे. राजवाड्यातली मुलं, आजारातून उठलेला एक पोरगा, संसारी गृहस्थ, दवाखान्यातले रुग्ण. आपण यांपैकी कुणाच्या जवळचे, हे ठरवलं तर निवड निम्म्याने सोपी होते.

शंभर वर्षं म्हटल्यावर भुवया उंचावतील. योग अर्थातच फार जुना आहे, पण आसनांचा एवढा पसारा जुना नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आसपास सूत्रं आहेत. त्यांतली आसनाबद्दल थेट बोलणारी तीन, आणि कुठल्याही एका आसनाची कृती त्यांत नाही. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त १५ आसनांचं वर्णन येतं, तीही बरीचशी बैठी. नंतरची ‘घेरंडसंहिता’ ३२पर्यंत जाते. बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योग’मध्ये मात्र २०० आसनं आहेत, शेकडो छायाचित्रांसह. उभ्याने करायची आसनं, एकामागून एक ओघात जाणाऱ्या मालिका, खुर्च्या आणि दोर हे सगळं मुख्यतः विसाव्या शतकाचं काम.

त्या कामाचा मोठा भाग म्हैसूरमध्ये झाला. महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी १९३०च्या दशकात तिरुमलाई कृष्णम्माचार्य यांना राजाश्रय दिला आणि जगनमोहन पॅलेसमध्ये योगशाळा सुरू झाली. शिकायला येत ती प्रामुख्याने राजघराण्यातली आणि त्यांच्या नात्यागोत्यातली मुलं. चपळ, धडधाकट, एका जागी न बसणारी. अशा पोरांना तासभर गुंतवून ठेवायचं तर आसनांना वेग हवा, उड्या हव्यात, श्वासाच्या तालावर एका स्थितीतून दुसरीत जाणं हवं. नॉर्मन शोमन आणि मार्क सिंगल्टन या अभ्यासकांनी या योगशाळेवर विस्ताराने लिहिलं आहे. तिथल्या शिकवणीत हठयोगाबरोबर देशी तालमीचा आणि त्या काळच्या शारीरिक शिक्षणाचाही वाटा होता, असं त्यांचं म्हणणं. सनातनी वाचकाला ते रुचत नाही, पण म्हैसूरच्या मालिका ज्याने एकदा करून पाहिल्या आहेत त्याला त्यातली तालीम सहज ओळखू येते.

कृष्णम्माचार्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस यांनी ही ओघवती शिकवण जपली, बांधली आणि १९४८मध्ये म्हैसूरमध्ये संस्था काढली. तोच आजचा अष्टांग विन्यास. सूर्यनमस्काराचे दोन प्रकार, मग उभी आसनं, मग बैठी, शेवटी विपरीत आसनं असा ठरलेला क्रम. प्राथमिक मालिका पुरी करायला साधारण दीड तास लागतो. संस्कृत आकडे मोजत सगळ्यांनी एकत्र करण्याचा प्रकार आहे, पण खरी गंमत ‘मैसूर पद्धती’च्या वर्गात असते. तिथे प्रत्येक जण आपापल्या श्वासाच्या गतीने एकटा करतो, शिक्षक फिरत राहतात आणि आधीचं आसन बसलं की पुढचं देतात. शनिवारी सुट्टी आणि अमावास्या-पौर्णिमेलाही.

परतणाऱ्याला हा वर्ग मोहात पाडतो, कारण त्यात घाम येतो आणि पूर्वीचं अंग परत आल्यासारखं वाटतं. शिक्षक जाणता असेल तर मैसूर पद्धत त्याच्यासाठी चांगलीही ठरते. कुणाशी बरोबरी करायची नसते आणि चौथ्या आसनापाशी थांबवलं तर तिथेच थांबायचं असतं. जमत नाही ते हे थांबणं. प्राथमिक मालिकेत पुढे वाकण्याची आसनं भरपूर आणि दोन आसनांच्या मध्ये पुन्हापुन्हा चतुरंग दंडासन. दिवसभर संगणकासमोर बसून आखडलेले मांडीमागचे स्नायू आणि पुढे झुकलेले खांदे यांच्या वाट्याला नेमकं तेच येतं. पंधरा वर्षांच्या मुलांसमोर जन्मलेल्या मालिकेला पन्नाशीतल्या लेखनिकाची कल्पना कुठून असणार?

गंमत अशी, की खुद्द कृष्णम्माचार्यांनीच पुढे वेगळी वाट धरली. म्हैसूरची योगशाळा बंद पडल्यावर ते मद्रासला गेले आणि तिथे त्यांच्याकडे येऊ लागले ते आजारी, वयस्कर, थकलेले लोक. मग शिकवणंही बदललं. एका वेळी एक माणूस, त्याच्या श्वासाच्या लांबीप्रमाणे हालचाल, आसन माणसाच्या मापाचं. त्यांचे इंजिनीअर झालेले चिरंजीव टी. के. व्ही. देशिकाचार यांनी हीच शिकवण पुढे नेली आणि १९७६मध्ये चेन्नईत कृष्णम्माचार्य योग मंदिरम स्थापन केलं. एकाच माणसाने तरुणपणी उड्या मारायला लावल्या आणि उतारवयात उशाशी बसून श्वास मोजायला शिकवलं. शंभर वर्षं जगलेल्या या गुरूने समोरचा विद्यार्थी बदलला तशी पद्धत बदलली. शिष्यांनी मात्र आपापल्या वाट्याला आलेला तुकडा पद्धत म्हणून जपला.

त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध तुकडा आपल्या पुण्यात आहे.

बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हे कृष्णम्माचार्यांचे मेहुणे. जन्म १९१८चा, आणि लहानपण इन्फ्लुएंझा, मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांत गेलेलं. काटकुळं शरीर, ताठ अंग. म्हैसूरच्या तालेवार पोरांमध्ये हा मुलगा कुठेच बसत नव्हता. १९३७मध्ये डॉ. व्ही. बी. गोखले या सिव्हिल सर्जनच्या पुढाकाराने त्यांना डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवण्यात आलं. वय अठरा, मराठी येत नाही, आणि समोरचे कॉलेजचे विद्यार्थी व्यायामाने कमावलेले, शिक्षकापेक्षा दणकट. शिकवायचं तर आधी स्वतःच्या न वाकणाऱ्या अंगावर प्रयोग करणं भाग होतं. तासन्‌तास ते त्यांनी केले. पायाचा तळवा जमिनीवर नेमका कुठे दाबला की गुडघा कसा उचलला जातो, खांदा कानापासून दूर नेला की छाती कशी उघडते, याचं जे बारीक व्याकरण अय्यंगार पद्धतीत दिसतं ते या हट्टातून आलं.

त्यातूनच साहित्य आलं. हात जमिनीला पोचत नाही ना, मग हाताखाली वीट घ्या. पाय धरता येत नाही तर पायात पट्टा अडकवा. पाठ टेकायला लोड, मानेखाली घडी घातलेलं ब्लँकेट, कमरेला आधार द्यायला भिंतीतल्या कड्यांना बांधलेले दोर आणि घडीची लोखंडी खुर्ची, तिची पाठीची पट्टी काढून टाकलेली. ही खुर्ची आज जगभरच्या वर्गांत दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो हॉल योगशाळेपेक्षा एखाद्या मंडपवाल्याच्या गोदामासारखा वाटतो. पण ज्याची कंबर दुखते, ज्याचा गुडघा गेला आहे, जो पंधरा वर्षांनी परत आला आहे, त्याला खरंखुरं त्रिकोणासन तिथे पहिल्याच आठवड्यात करता येतं. आसन सोपं केलेलं नसतं, जमीन वर आणलेली असते.

व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांची आणि अय्यंगारांची भेट १९५२मध्ये झाली आणि पश्चिमेचं दार उघडलं. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकून घेतलं. पत्नी रमामणी यांच्या नावाने उभारलेली संस्था १९७५मध्ये मॉडेल कॉलनीत सुरू झाली. २०१४च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी अय्यंगार गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. गीताताई आणि प्रशांत या त्यांच्या मुलांनी शिकवण्याची धुरा त्यांच्या हयातीतच उचलली होती. स्त्रियांच्या वेगवेगळ्या वयांना आणि अवस्थांना कोणती आसनं योग्य, याचा गीता अय्यंगारांनी जेवढा बारकाईने विचार केला तेवढा फार थोड्यांनी केला असेल. रजोनिवृत्तीच्या सुमारास योगाकडे परतणाऱ्या बायकांनी त्यांचं काम जरूर पाहावं.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्गात सूचनांचा भडिमार असतो. एका आसनात मिनिटभर थांबून डाव्या पायाच्या करंगळीबद्दल ऐकून घेण्याची तयारी नसेल तर कंटाळा येतो. खुद्द अय्यंगारांचा दराराही प्रसिद्ध होता. आवाज चढायचा, प्रसंगी थापही बसायची. आजचे शिक्षक मवाळ आहेत, पण शिस्त तीच. नियमानुसार अय्यंगार शिक्षकाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, त्यामुळे शिक्षकांच्या दर्जात फार तफावत आढळत नाही. परतणाऱ्या माणसाने सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर या लेखाचं मत पहिले सहा महिने अशाच वर्गाच्या बाजूने पडेल.

पुण्याहून तासाभराच्या अंतरावर लोणावळ्यात एक निराळीच परंपरा आहे आणि ती अय्यंगारांच्याही आधीची. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात काम केलेले शिक्षणवादी गृहस्थ. बडोद्याच्या माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले आणि मालसरच्या माधवदासजींकडे योगाचे. गुरूकडे पाहिलेल्या क्रिया शरीरात नेमकं काय करतात ते मोजायचं, असा ध्यास त्यांनी घेतला आणि १९२४च्या दसऱ्याच्या सुमारास कैवल्यधामची स्थापना केली. क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उड्डियान आणि नौली करवून घेतल्या, नौलीच्या वेळी आतड्यातला दाब कसा उतरतो ते मोजलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात ते छापलं. शंभर वर्षांपूर्वी, लोणावळ्याच्या पावसात!

कैवल्यधामच्या शिकवणीवर प्रयोगशाळेची आणि तिथे उपचारांना येणाऱ्या रुग्णांची छाप आहे. आसनात जायचं सावकाश, थांबायचं सुखाने, बाहेर यायचं तितक्याच सावकाश. झटका नाही, घाम नाही, दोन आसनांमध्ये विश्रांती. प्राणायाम आणि शुद्धिक्रिया यांना आसनांइतकाच मान. मोबाइलवर लवचीक तरुणींचे व्हिडिओ पाहून आलेल्याला हा वर्ग ‘काहीच होत नाही’ असा वाटतो. रक्तदाबाचा किंवा निद्रानाशाचा त्रास असलेल्याला मात्र पंधरा दिवसांत त्याची चव लागते.

याच माधवदासजींचे दुसरे शिष्य मणिभाई हरिभाई देसाई ऊर्फ श्री योगेंद्र. त्यांनी १९१८च्या डिसेंबरात वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली, पुढे अमेरिकेलाही जाऊन आले, आणि संस्था अखेर सांताक्रूझला स्थिरावली. त्यांच्यासमोर संन्यासी नव्हते, मुंबईचे संसारी लोक होते. नोकरीवर जाणारे, पोरंबाळं असलेले. म्हणून आसनं साधी, थोडी, आणि भर आहार, झोप, स्वभाव यांवर. पत्नी सीतादेवी यांनी १९३०च्या दशकातच बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. संन्यास न घेताही योग करता येतो ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी सांगावी लागत होती.

ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांच्या शिष्यशाखेतून आणखी दोन मोठे प्रवाह निघाले. विष्णुदेवानंदांनी जगभर नेलेला शिवानंद योग १२ मूळ आसनांच्या ठरलेल्या क्रमावर उभा आहे, मध्येमध्ये शवासन घेत चालणारा. सत्यानंदांची मुंगेरची बिहार योग परंपरा सांधे मोकळे करणाऱ्या पवनमुक्तासनाच्या मालिकांसाठी आणि योगनिद्रेसाठी ओळखली जाते. ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळाचं या परंपरेशी जुनं नातं. नागपुरात जनार्दनस्वामींच्या मंडळाने सांघिक आसनांचे विनामूल्य वर्ग इतकी वर्षं चालवले आहेत, की तिथल्या कित्येक घरांत दोन-तीन पिढ्या त्या वर्गांत बसल्या असतील. फलकावर इंग्रजी नाव नाही म्हणून या वर्गांना कमी लेखू नये. परतणाऱ्याला हवं ते इथे मुबलक असतं: ठरलेली वेळ, ओळखीची माणसं आणि दांडी मारली तर चौकशी करणारे शिक्षक.

सूर्यनमस्काराची गोष्ट आणखी वेगळी, आणि अस्सल इथली. सातारच्या मुलखातल्या औंध संस्थानाचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नेमाने नमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले आणि इंग्रजी पुस्तकातून त्यांचा प्रसार परदेशातही केला. त्यांच्यासमोर होती शाळकरी मुलं. म्हैसूरच्या राजवाड्यातही नमस्कारांचे वर्ग योगशाळेपासून वेगळे भरत, म्हणजे तेव्हा तो व्यायाम मानला जाई. आज जवळपास प्रत्येक विन्यास वर्ग नमस्कारांनीच सुरू होतो. नमस्कार उत्तमच, पण रथसप्तमीला १०८चा संकल्प सोडून दहा वर्षांचा अनुशेष एका सकाळी भरून काढणारे महाभाग दर वर्षी दिसतात. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि कंबर त्यांच्याशी बोलत नाहीत. सहांपासून सुरुवात करून आठवड्याला एक-दोन वाढवणं पुरेसं आहे.

उरलेल्या नव्या नावांबद्दल थोडक्यात. विन्यास फ्लो आणि पॉवर योग ही अष्टांग विन्यासाची सैल केलेली, मुख्यतः अमेरिकेत वाढलेली भावंडं. क्रम शिक्षकाच्या मर्जीवर, त्यामुळे वर्गाचा दर्जाही पूर्णपणे शिक्षकावर. यिन योगात उलटा कारभार. एकेका बैठ्या किंवा निजलेल्या स्थितीत तीन ते पाच मिनिटं स्नायू ढिले सोडून पडून राहायचं. दिसायला सोपा, पण ज्यांचे सांधे आधीच सैल आहेत त्यांनी त्यात फार खोल जाऊ नये. हॉट योग म्हणजे बिक्रम चौधरींची २६ आसनं आणि श्वासाचे दोन प्रकार, सुमारे ४० अंश सेल्सिअस तापवलेल्या खोलीत ९० मिनिटं. चौधरी कोलकात्याच्या बिष्णू घोषांचे शिष्य, आणि ही पद्धत फोफावली कॅलिफोर्नियात. मे महिन्यात विदर्भात राहणाऱ्याने खोली तापवण्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत, हे कोडंच आहे. उष्णतेत अंग नेहमीपेक्षा जास्त वाकतं आणि नेमकं तिथेच परतणारा फसतो. हृदयविकार, रक्तदाब, गर्भारपण असेल तर या खोलीपासून लांब राहिलेलं बरं.

आपल्या २६ आसनांचा क्रम दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून चौधरी अमेरिकेत कोर्टातही गेले होते. २०१५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने स्पष्ट केलं, की आसनांच्या क्रमावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी लॉस एंजलिसच्या ज्युरीने त्यांच्या माजी कायदा सल्लागार महिलेचा लैंगिक छळाचा दावा मान्य करून मोठी भरपाई दिली. पट्टाभि जोइस यांच्यावरही त्यांच्या मृत्यूनंतर अनेक शिष्यांनी गैरस्पर्शाचे आरोप केले आणि २०१९मध्ये त्यांचे नातू शरथ यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. या गोष्टी इथे सांगण्याचं कारण साधं आहे. आसन सुधारण्यासाठी शिक्षक अंगाला हात लावतात तेव्हा नको असेल तर ‘नको’ म्हणायचा हक्क विद्यार्थ्याचा आहे, मग शिक्षक कितीही मोठा असो. चांगले शिक्षक आधी विचारतात.

मग यांतली कुठली पद्धत ‘जास्त गुणकारी’? जर्मनीतल्या होल्गर क्रामर आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये योगावरच्या ३०६ चाचण्या एकत्र पाहिल्या. त्यांत ५२ निरनिराळ्या पद्धती होत्या. अमुक पद्धतीला यश येतं आणि तमुक पद्धतीला येत नाही, असा फरक त्यांना आढळला नाही. पद्धत आपल्या आवडीने आणि सोयीने निवडावी, असाच त्यांचा निष्कर्ष. योगावरच्या चाचण्यांचे निकाल एरवीही चांगलेच लागतात आणि बऱ्याच चाचण्या छोट्या असतात, हे लक्षात ठेवूनही पद्धतींच्या भांडणात वेळ घालवण्यात अर्थ नाही एवढं यातून समजतं.

दुखण्यांपुरतं बोलायचं तर जुनाट कंबरदुखीच्या बाबतीत पुरावा बरा आहे. बोस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांचा सौम्य योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने त्याच वर्षी जुनाट कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहायच्या उपायांत योगाचा समावेश केला. भारतात २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या जवळपास ४,००० रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. त्यात रुग्णांना बरं वाटणं आणि कामावर परतणं सुधारलं. पुढचे झटके किंवा मृत्यू कमी झाले असं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही. योगाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्या शिक्षकाला हा निकाल दाखवावा.

धोक्यांचंही थोडं. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६मध्ये नोंदवलं, की शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट होतो. काचबिंदू असलेल्याने, किंवा घरात कुणाला असल्याने तपासणी बाकी असलेल्यानेही, शीर्षासनाचा आग्रह सोडावा. अनियंत्रित रक्तदाबात विपरीत आसनं नकोत. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठीचा कणा गोल करून जोराने पुढे वाकणं टाळावं, कारण मणक्यांवर भार पडतो. मानेचे मणके झिजलेले असतील तर सर्वांगासनाऐवजी भिंतीला पाय लावून, कमरेखाली लोड घेऊन केलेली विपरीत करणी पुरते, आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही.

पडद्यावरच्या वर्गांचं काय? कोविडच्या काळात त्यांनी अनेकांना सावरलं आणि आसनं पूर्वी नीट शिकलेल्याला उजळणीसाठी ते आजही उपयोगी आहेत. पण परतताना पहिले काही महिने कुणीतरी मागून-बाजूने बघणारं हवं. आपली कंबर गोल झालेली किंवा गुडघा आत पडलेला स्वतःला दिसत नाही. शिक्षकाच्या प्रमाणपत्राकडे बघताना एवढं ध्यानात ठेवावं, की २०० तासांचा अभ्यासक्रम ही सुरुवात असते आणि असे अभ्यासक्रम महिन्याभरातही उरकले जातात. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, संस्थांच्या स्वतःच्या आहेत. त्यांहून चांगली परीक्षा म्हणजे त्या वर्गात आपल्या वयाची, आपल्यासारख्या कुरबुरींची किती माणसं वर्षभर टिकून आहेत हे पाहणं.

वेगवेगळे वर्ग करून पाहायला हरकत नाही. उलट परतणाऱ्याने ते करावंच, कारण वीस वर्षांपूर्वी जो वर्ग आवडला होता तो त्या वेळच्या अंगाला आवडला होता. मात्र एका वर्गात एकदाच जाऊन मत बनवू नये. पहिल्या दिवशी सगळंच परकं वाटतं आणि अंग दुखतं. तीन-चार वेळा गेल्यावर श्वास लागत नाही ना, दुसऱ्या दिवशी सांधे दुखत नाहीत ना (स्नायू थोडे दुखतीलच), आणि सकाळी उठून जावंसं वाटतं का, एवढं पाहावं. वर्गात गेल्या गेल्या शिक्षकाला वय, जुनी दुखणी, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधं आणि योग किती वर्षांपूर्वी सुटला ते सांगावं. ते ऐकून ज्याने आपल्यासाठी एखादं आसन बदललं, त्या शिक्षकापाशी थांबावं. आणि पहिल्याच भेटीत सवलत दाखवून वर्षाचं शुल्क मागितलं, तर एका महिन्याचेच पैसे भरावेत.